म्यानमार पेटलंय, दिल्ली जपून बोलतेय आणि मिझोराम जेवण वाढतंय

म्यानमारचा विषय निघाला की दोन मतं हमखास ऐकायला मिळतात. एक म्हणजे आपण जगातली सगळ्यात मोठी लोकशाही, मग तिथल्या लष्करशहांशी हात कसले मिळवता. आणि दुसरं म्हणजे आपल्याला काय करायचंय, त्यांचं ते बघून घेतील. दोन्ही ऐकायला बरी वाटतात पण भारत सरकार २०२१ पासून तिथे जे करतंय ते या दोन्हींत बसत नाही. हेच सरकार तिथल्या जनरलला भेटतं, त्याच जनरलच्या बॉम्बना घाबरून पळून आलेल्या लोकांना राहू देतं पण त्यांना निर्वासित म्हणत नाही, त्या जनरलचे सैनिक पळून आले तर त्यांना विमानात बसवून परत पाठवतं, आणि ज्यांनी त्या सैनिकांना पळवून लावलं त्यांनाही दिल्लीत चर्चासत्राला बोलावतं. वरवर बघितलं तर हा सगळा गोंधळ वाटतो. थोडाफार गोंधळ आहेच, पण बऱ्याच गोष्टींना कारणं आहेत आणि ती समजून घेतली की मग राग कुठे धरायचा आणि कुठे नाही हे तरी कळतं.

आधी झालं काय ते पटकन सांगतो. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत आँग सान सू ची यांचा एनएलडी पक्ष दणदणीत जिंकला, लष्कर म्हणालं मतदानात घोळ झालाय, आणि १ फेब्रुवारी २०२१ ला, म्हणजे नवी संसद बसायची त्याच दिवशी, जनरल मिन आँग ह्लाइंग यांनी सत्ता घेतली आणि सू चींना ताब्यात घेतलं. लोक रस्त्यावर आले, लष्कराने गोळ्या घातल्या, मग पोरं जंगलात गेली. निवडून आलेल्या खासदारांनी एप्रिलमध्ये स्वतःचं समांतर सरकार काढलं, त्याला एनयूजी म्हणतात, त्यांच्या लढणाऱ्या तुकड्या म्हणजे पीडीएफ. याशिवाय काचिन, करेन, चिन, अराकान असे वांशिक गट आहेत ज्यांच्याकडे आपापल्या सेना आहेत, काही तर सत्तर-पंचाहत्तर वर्षं लढतायत. (चिन म्हणजे तिथलं एक राज्य आणि तिथले लोक, ऱ्हस्व चि, चीन देशाचा काही संबंध नाही, पुढे दोन्ही येणारेत म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.) युनोच्या अंदाजानुसार ३० लाखांहून जास्त लोक देशातल्या देशात बेघर झालेत.

भारताची या देशाशी १,६४३ किलोमीटर बॉर्डर आहे, अरुणाचल, नागालँड, मणिपूर आणि मिझोराम या चार राज्यांची. हा आकडा लक्षात ठेवा कारण अमेरिका किंवा युरोप म्यानमारवर कडक भाषेत बोलतात तेव्हा त्यांच्या दारात कोणी येणार नसतं.

उठाव झाला त्याच दिवशी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं निवेदन आलं, घडामोडींबद्दल अतिशय चिंता वाटते, कायद्याचं राज्य आणि लोकशाही प्रक्रिया टिकली पाहिजे वगैरे. निषेध हा शब्द त्यात नव्हता आणि हे चुकून राहिलेलं नसतं, अशा निवेदनात एकेक शब्द तोलून घालतात. मग २७ मार्चला म्यानमारच्या लष्कर दिनाची परेड झाली राजधानी नेपिडोत, तिथे प्रतिनिधी पाठवणारे आठ देश होते त्यात भारत एक, आणि त्याच दिवशी देशभरात लष्कराने शंभरच्या वर माणसं मारली. त्या फोटोंवरून आपल्यावर बरीच टीका झाली, आणि ती रास्तच होती असं मला वाटतं. दूतावासातला अधिकारी नेहमीच्या शिष्टाचाराप्रमाणे गेला असेल, पण त्या दिवशी तब्येत बरी नाही म्हणून घरी बसता आलं असतं.

मतदानाचं प्रकरण जरा नीट समजून घेण्यासारखं आहे. १८ जून २०२१ ला युनोच्या आमसभेत म्यानमारवर ठराव आला, लष्कराचा निषेध करा आणि शस्त्रं पाठवू नका असा. ११९ देश बाजूने, विरोधात फक्त एक बेलारूस, आणि ३६ तटस्थ. त्या ३६ मध्ये भारत. गंमत म्हणजे खुद्द म्यानमारचं मत ठरावाच्या बाजूने पडलं, कारण तिथे बसलेले राजदूत क्याव मो टुन उठावानंतर लष्कराला जुमानेनासे झाले होते आणि खुर्ची सोडत नव्हते. मग डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेत ठराव क्रमांक २६६९ आला, हिंसा थांबवा, सू चींसह राजकीय कैद्यांना सोडा, १२ मतं बाजूने, विरोधात कोणी नाही, तटस्थ तिघे, चीन, रशिया आणि भारत. आणि त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपद भारताकडेच होतं! आपल्या प्रतिनिधी रुचिरा कंबोज यांनी सांगितलं की इथे शांतपणे, धीराने मुत्सद्देगिरी करायला हवी, ठरावाने दोन्ही बाजू आणखी हट्टाला पेटतील.

आता तटस्थ राहणं म्हणजे काहीच न करणं असं आपण धरतो पण तसं नसतं. सुरक्षा परिषदेत ठराव मंजूर व्हायला नऊ मतं लागतात आणि नकाराधिकार असलेल्या पाचांपैकी कोणी विरोधात जायला नको. चीन-रशियाने विरोध न करता तटस्थ राहणं म्हणजेच ठराव जाऊ देणं, कारण त्यांनी हात वर केला असता तर तो तिथेच मेला असता. भारताकडे नकाराधिकार नाही, त्यामुळे आपल्या तटस्थ राहण्याने ठरावाचं काहीच अडणार नव्हतं, तो फक्त नेपिडोला पाठवलेला एक निरोप होता की तुमच्याविरुद्ध आम्ही हात वर केला नाही, तेव्हा आम्ही फोन केला की उचला.

आणि तो फोन उचलला जावा याची दिल्लीला एवढी का पडलीय, तर त्यामागे एक जुनी कहाणी आहे. १९८८ ला म्यानमारमध्ये लोकशाहीसाठी उठाव झाला तेव्हा भारताने अगदी उघडपणे आंदोलकांची बाजू घेतली होती. पळून आलेल्या विद्यार्थ्यांना आसरा दिला, आकाशवाणीच्या बर्मी कार्यक्रमात जनरल लोकांवर टीका व्हायची. सू चींशी नातंही जवळचं, त्यांची आई दिल्लीत राजदूत होती आणि त्या स्वतः लेडी श्रीराम कॉलेजात शिकल्या. तत्त्वाला धरून होतं सगळं, पण झालं काय की जनरल हलले नाहीत, ते चीनच्या आणखी जवळ गेले, आणि ईशान्येतल्या बंडखोरांचे कॅम्प पलीकडच्या जंगलात निवांत चालू राहिले. १९९५ मध्ये दोन्ही सैन्यांनी मिळून मिझोरामच्या बॉर्डरवर बंडखोरांना कोंडीत पकडायची मोहीम काढली, ऑपरेशन गोल्डन बर्ड, आणि ऐन मोहिमेत दिल्लीने सू चींना नेहरू पुरस्कार जाहीर केला. म्यानमारचं लष्कर भडकलं आणि मध्येच मागे हटलं, बरेचसे बंडखोर निसटले असं म्हणतात. दिल्लीतल्या अधिकाऱ्यांच्या पिढ्यांना हा किस्सा पाठ आहे. त्यानंतर पॉलिसी बदलली ती बदललीच, काँग्रेस असो की भाजप. सगळ्यांनी जनरल लोकांशी बोलणं ठेवलं, २०२० मध्ये तर आपण त्यांना आयएनएस सिंधुवीर ही पाणबुडीसुद्धा दिली.

म्हणजे हिशेब असा होता की पलीकडे जो बंदूक घेऊन उभा आहे त्याच्याशी जमवून घ्यायचं. २०२१ ला हा हिशेब मला तरी चुकीचा वाटला नव्हता, कडवट होता पण समजत होता. घोळ पुढे झाला, कारण पलीकडे बंदूक घेऊन उभा असलेला माणूसच बदलला. त्यावर येतो, पण आधी मिझोराम.

तिआऊ म्हणून एक नदी आहे, मिझोरामच्या चंफाई जिल्ह्यात, ती म्हणजेच बॉर्डर. अलीकडे झोखावथार गाव, पलीकडे खावमावी, मध्ये पूल. दोन्हीकडचे लोक एकमेकांचे मामे-चुलते, भाषा जवळपास तीच, चर्चही तेच, मिझो आणि चिन हे एकाच झो समाजाचे. इंग्रजांनी रेघ मारली तेव्हा कोणी यांना विचारलं नव्हतं. उठावानंतर लोक नदी ओलांडून यायला लागले, त्यात लोकांवर गोळ्या चालवायला नकार दिलेले म्यानमारचे पोलीसही होते, चिन राज्याचे पदच्युत मुख्यमंत्री सलाई लियान लुआईसुद्धा होते. १० मार्च २०२१ ला केंद्रीय गृहमंत्रालयाचं पत्र चार राज्यांना आलं की घुसखोरी रोखा, कुणालाही निर्वासित दर्जा द्यायचा अधिकार राज्यांना नाही, आणि भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही. मणिपूर सरकारने तर २६ मार्चला आदेश काढला की छावण्या उघडू नका, अन्न-निवारा देऊ नका, कोणी आसरा मागितला तर नम्रपणे परत पाठवा, फक्त गंभीर जखमींवर उपचार करा. नम्रपणे! एवढी ओरड झाली की तीन दिवसांत तो आदेश मागे घ्यावा लागला.

मिझोरामने मात्र सरळ नाही म्हटलं. मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं की ही आमची माणसं आहेत, आम्ही नुसतं बघत बसू शकत नाही. लक्षात घ्या की हे राज्य छोटं आहे, स्वतःचं उत्पन्न नगण्य, बहुतेक पैसा केंद्राकडूनच येतो, आणि त्या काळात त्यांचा पक्ष केंद्रातल्या आघाडीचा मित्रपक्ष होता. तरी पत्र लिहिलं. त्याला कारण आहे. मार्च १९६६ मध्ये मिझो बंडाच्या वेळी भारतीय हवाई दलाने आयझॉलवर हल्ला केला होता, तेव्हा कितीतरी मिझो कुटुंबं पलीकडे चिन टेकड्यांत गेली होती आणि त्या लोकांनी त्यांना ठेवून घेतलं होतं. झोरामथांगा स्वतः त्या बंडातले, वीस वर्षं भूमिगत. त्यांना निर्वासित म्हणजे काय हे फाइल वाचून कळायची गरज नव्हती.

तर मग खर्च कोणी केला? बराचसा लोकांनीच केला. यंग मिझो असोसिएशन म्हणून संघटना आहे, गावोगावी शाखा, कोणी गेलं तर खड्डा खणायला आणि दरड कोसळली तर रस्ता मोकळा करायला हेच पुढे. त्यांनी आणि चर्चनी घरोघरी जाऊन तांदूळ, भाजी, कपडे गोळा केले, बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्या उभ्या केल्या, राज्य सरकारने पोरांना सरकारी शाळांत घ्यायला सांगितलं. आकडा तीस हजारांच्या वर गेला. केंद्राने या लोकांना हाकललं नाही हे मान्य करायला पाहिजे, काणाडोळा केला म्हणू, पण निर्वासित मानलं नाही, त्यामुळे त्या नावाखाली मिळणारी मदतही रीतसर आली नाही.

इथे कायद्याची बाजू बघा म्हणजे हा काणाडोळा का शक्य होतो ते कळेल. भारतात निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही. जो विनाव्हिसा आला तो बेकायदा परदेशी, आधी १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट होता, २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला, पण तत्त्व तेच. तिबेटी आले तेव्हा, श्रीलंकेतून तमिळ आले तेव्हा सरकारने त्या त्या वेळी आदेश काढून सोय केली, म्हणजे सगळं त्या त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर. कोर्टातही एक सूर नाही. ८ एप्रिल २०२१ ला सुप्रीम कोर्टाने जम्मूतल्या रोहिंग्यांना रीतसर प्रक्रियेने परत पाठवायला हरकत घेतली नाही, आणि महिनाभराच्या आत, ३ मे ला, मणिपूर हायकोर्टाने म्यानमारमधून आलेल्या सात जणांना, त्यात पत्रकार होते, दिल्लीला युनोच्या निर्वासित कार्यालयात जाऊ द्या म्हणून सांगितलं. जिवाला धोका असेल तिथे माणसाला परत ढकलू नये हे घटनेच्या कलम २१ मध्येच येतं असं त्या कोर्टाचं म्हणणं. म्यानमार तोच आणि लष्करही तेच, पण निकाल उलटे. कोण कोणत्या धर्माचा, कोणत्या राज्यात आला आणि स्थानिक लोकांना तो आपला वाटतो का, यावर बरंच काही ठरतं हे उघड आहे, फक्त कागदावर कोणी लिहीत नाही.

आणि मग नोव्हेंबर २०२३. २७ ऑक्टोबरला तीन वांशिक सेनांनी मिळून लष्करावर मोठा हल्ला सुरू केला, ऑपरेशन १०२७, आणि ठिकठिकाणी लष्कराची ठाणी पडायला लागली. १३ नोव्हेंबरच्या सुमारास झोखावथारसमोरची ठाणी चिन गटांनी घेतली. त्या दिवशी तिआऊ ओलांडून हजारो गावकरी आले, आणि त्यांच्या पाठोपाठ आले चाळीसच्या वर सैनिक, म्हणजे ज्या लष्कराला घाबरून लोक येत होते तेच लष्कर! मिझोराम पोलिसांसमोर त्यांनी शरणागती पत्करली, आपण त्यांना हवाई मार्गाने मणिपूरच्या मोरेला नेलं आणि पलीकडे तामूत सोपवलं. जानेवारी २०२४ मध्ये अराकान आर्मीने झोडपलेले आणखी २७६ सैनिक लाँगतलाई जिल्ह्यात येऊन थांबले. त्यांना न्यायला आलेलं म्यानमारचं विमान २३ जानेवारीला लेंगपुई विमानतळावर धावपट्टीवरून घसरलं, काही जण जखमी झाले. मिझोरामच्या लोकांना हे सगळं बघून काय वाटलं असेल याची कल्पना करा, साध्या माणसांना कागदपत्र विचारायचं आणि सैनिकांसाठी स्पेशल विमान. सरकारच्या बाजूने बोलायचं तर दुसऱ्या देशाच्या फौजेला तुम्ही ठेवून घेऊ शकत नाही, शस्त्र काढून परत पाठवणं हाच शहाणा मार्ग आणि म्यानमार न्यायला तयारही होतं. पण म्हणून ते दृश्य बरं दिसत नाही.

लगेच पुढच्या महिन्यात, ८ फेब्रुवारी २०२४ ला, अमित शहांनी जाहीर केलं की फ्री मूव्हमेंट रेजीम बंद. ही व्यवस्था म्हणजे बॉर्डरच्या दोन्हीकडे १६ किलोमीटरच्या पट्ट्यातल्या लोकांना व्हिसाशिवाय येता-जाता येणं. शिवाय पूर्ण बॉर्डरला कुंपण घालणार. यामागे म्यानमारपेक्षा मणिपूर जास्त आहे, तिथे मे २०२३ पासून मैतेई आणि कुकींमध्ये हिंसाचार चाललेला आणि पलीकडून लोक घुसतायत, अफू येतेय असा मैतेईंचा आणि तेव्हाच्या राज्य सरकारचा ठाम दावा. मिझोराम आणि नागालँडच्या विधानसभांनी मात्र या निर्णयाविरुद्ध ठराव केले. नागालँडमध्ये लाँगवा म्हणून गाव आहे, तिथल्या राजाच्या घरातूनच बॉर्डर जाते, आता त्या घरात कुंपण कुठून घालणार? शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये मधला मार्ग निघाला, १६ चे १० किलोमीटर झाले आणि आसाम रायफल्सकडून पास घ्यायचा.

आता मदतीचं बोलू, कारण इथे आपली बाजू सगळ्यात चांगली दिसते आणि खरी अडचणही इथेच आहे. डिसेंबर २०२१ मध्ये परराष्ट्र सचिव हर्षवर्धन श्रृंगला गेले तेव्हा कोविड लसीचे दहा लाख डोस आणि दहा हजार टन गहू-तांदूळ दिला. सप्टेंबर २०२४ ला यागी वादळ आलं तेव्हा नौदलाचं जहाज सामान घेऊन गेलं. आणि २८ मार्च २०२५ ला ७.७ चा भूकंप झाला, सगाइंग आणि मंडालेच्या भागात, तीन हजारांच्या वर माणसं गेली. दुसऱ्याच दिवशी सकाळी हवाई दलाचं सी-१३० विमान १५ टन सामान घेऊन यांगूनला उतरलं. मग एनडीआरएफचे ८० जवान, लष्कराचं ११८ जणांचं फील्ड हॉस्पिटल आग्र्याहून मंडालेला, सातपुडा आणि सावित्री ही जहाजं, पुढे घडियाल जहाजातून ४४२ टन अन्नधान्य. ऑपरेशन ब्रह्मा नाव दिलं होतं. मंडाले म्हणजे टिळकांचा तुरुंग, आणि तिथल्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी आणून ठेवलं ते आपल्या रत्नागिरीत, थिबा पॅलेस अजून आहे, त्यामुळे मराठी माणसाला ते शहर अगदीच परकं नाही. त्या हॉस्पिटलने दोन हजारांवर लोकांवर उपचार केले. हे काम फार चांगलं झालं, त्यात किंतु नाही.

पण विमानतळ कोणाच्या ताब्यात आहे? लष्कराच्या. बंदर? लष्कराच्या. व्हिसा, ट्रकचा परवाना, कुठल्या वस्तीत जायचं आणि कुठल्या नाही? सगळं लष्कराच्या हातात. सगाइंगच्या खेड्यापाड्यांत मोठा भाग पीडीएफकडे होता आणि भूकंपानंतरही लष्कराचे हवाई हल्ले थांबले नव्हते. एनयूजीने दोन आठवडे हल्ले थांबवतो म्हटलं, वांशिक सेनांनी महिनाभर, लष्कराने सगळ्यांच्या शेवटी शस्त्रसंधी जाहीर केली आणि ती पाळली नाही. चीनच्या रेड क्रॉसचा ताफा मंडालेकडे येत होता तर त्यावर लष्कराने गोळ्या चालवल्या, म्हणे कळवलं नव्हतं. चीनच्या गाड्यांवर! त्यामुळे एखादं सरकार म्हणतं की आम्ही राजकारण बाजूला ठेवून फक्त माणुसकी म्हणून मदत पाठवतोय, तेव्हा पाठवणाऱ्याच्या मनात तसं असेलही, पण राजधानीतून वाटली जाणारी मदत ही ज्याच्या हातात राजधानी आहे त्याची मदत होऊन जाते. लढणाऱ्यांच्या भागात पोचायचं तर बॉर्डरवरून आत पाठवावी लागते, स्थानिक संघटनांच्या हातून. थायलंडने मार्च २०२४ मध्ये छोट्या प्रमाणात तसं करून बघितलं, त्यातही दोन्हीकडून टीका झाली. आपल्याकडे मिझोरामच्या रस्त्याने औषधं, तांदूळ पलीकडे जातात ते बहुतेक नातेवाइकांच्या, चर्चच्या आणि व्यापाऱ्यांच्या हिमतीवर. आपण एवढी बॉर्डर लागून असताना या बाबतीत थायलंडएवढाही प्रयोग करत नाही हे मला पटत नाही.

एक न आवडणारी गोष्टही सांगायला हवी. युनोचे मानवाधिकार प्रतिनिधी टॉम अँड्र्यूज यांचा मे २०२३ चा अहवाल आहे, उठावानंतर म्यानमारच्या लष्कराने बाहेरून घेतलेल्या शस्त्रं आणि सामग्रीचा. एकूण साधारण १ अब्ज डॉलर, त्यात रशियाचे ४० कोटींच्या वर, चीनचे २६ कोटींच्या वर, सिंगापूरमधल्या कंपन्यांचे २५ कोटींच्या वर आणि भारतातून ५ कोटी १० लाख डॉलर, त्यात सरकारी कंपन्याही. बाकीच्यांच्या मानाने आकडा लहान आहे. पण एका हाताने फील्ड हॉस्पिटल आणि दुसऱ्या हाताने ही सामग्री, हे कसं जुळवायचं ते ज्याचं त्याने बघावं.

आता तो मुद्दा, बंदूकवाला बदलल्याचा. ज्या जनरल लोकांना ईशान्येतल्या बंडखोरांना आवरण्यासाठी सांभाळलं, त्यांच्याच बाजूने मणिपूरचे काही बंडखोर गट पीडीएफशी लढले अशा बातम्या आल्या, म्हणजे मूळ कारणालाच भोक पडलं. आणि आपल्या बॉर्डरसमोरचा बराचसा भाग, काचिन, चिन, सगाइंगचे पट्टे, लष्कराच्या हातातून गेला. चीन या बाबतीत फार कोरडा आणि फार हुशार. तो जनरल लोकांशीही बोलतो आणि बॉर्डरवरच्या सेनांशीही, पाहिजे तेव्हा गेट बंद करतो. ऑगस्ट २०२४ ला एका वांशिक सेनेने लाशिओ हे मोठं शहर जिंकलं, चीनने एवढा दाब टाकला की एप्रिल २०२५ मध्ये त्यांना ते लष्कराला परत द्यावं लागलं. दिल्ली हे उशिरा शिकतेय. सप्टेंबर २०२४ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली की परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या एका संस्थेने एनयूजी, चिन, काचिन आणि अराकान गटांना दिल्लीतल्या चर्चासत्राचं आमंत्रण दिलंय. त्याच्याही आधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, मिझोरामचे राज्यसभा खासदार के. वनलालवेना स्वतः बॉर्डर ओलांडून अराकान आर्मीच्या लोकांना भेटून आले होते. दुसरीकडे पंतप्रधान एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकला आणि ऑगस्टच्या शेवटी तिआनजिनला मिन आँग ह्लाइंग यांना भेटले.

दोन्ही दगडांवर पाय ठेवणं हे कलादान प्रकल्पामुळे सक्तीचंच झालंय. ईशान्येकडे जायचं तर आपल्याला सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्टीतून जावं लागतं, त्याला पर्याय म्हणून २००८ मध्ये करार झाला की कोलकात्याहून समुद्रमार्गे ५३९ किलोमीटरवर म्यानमारचं सितवे बंदर, तिथून कलादान नदीने १५८ किलोमीटर वर पलेटवा, आणि तिथून ११० किलोमीटर रस्त्याने मिझोरामचं झोरिनपुई. मे २०२३ मध्ये सितवेला सिमेंटच्या गोण्या घेऊन पहिलं जहाज लागलं, बंदरं आणि जहाज वाहतूक मंत्री सर्बानंद सोनोवाल गेले होते. आठ महिन्यांनी, १४ जानेवारी २०२४ ला, अराकान आर्मीने पलेटवा घेतलं. २०२४ च्या अखेरपर्यंत राखाइन (म्हणजेच जुनं अराकान) राज्याच्या १७ पैकी १४ तालुक्यांवर त्यांचा ताबा होता, आपल्या सितवे वकिलातीचे लोक एप्रिलमध्येच यांगूनला हलवावे लागले होते. सितवे शहर मात्र लष्कराकडेच राहिलं. म्हणजे जहाज लागणार लष्कराच्या बंदराला आणि माल उतरणार अराकान आर्मीच्या गावात, मधली नदी दोघांच्या तोफांच्या टप्प्यात. त्यात अराकान आर्मीचं चिन गटांपैकी काहींशी वाकडं, म्हणून २०२४ मध्ये लाँगतलाईतल्या लाई (चिनांशी नातं असलेली तिथली जमात) तरुणांच्या संघटनेने पलीकडे जाणारा मालच अडवून धरला, म्हणजे आपल्या टोकालाही सगळं दिल्लीच्या हातात नाही. सोनोवालांनी २०२७ पर्यंत हा मार्ग पूर्ण सुरू होईल असं सांगितलंय. तो खरंच सुरू करायचा असेल तर सितवेत एकाशी, पलेटवात दुसऱ्याशी आणि लाँगतलाईत तिसऱ्याशी बोलणी करावी लागतील, आणि यातल्या पहिल्याशी बोलायलाच आपल्याकडे रीतसर दूतावास आहे.